अल्-किंदी, अत्तर आणि चौथ्या पायरीचं मटण

मस्कतहून परत आल्यावर कोल्हापुरात मला दोनच प्रश्न विचारले गेले. सोनं आणलंस का, आणि उंटावर बसलीस का? सोनं आणलं नाही. उंट हमरस्त्याच्या कडेला दिसला, पण तो इतक्या तुच्छतेने दुसरीकडे बघत होता की गाडी थांबवा म्हणायचा मला धीर झाला नाही. तिसरा प्रश्न कुणी विचारलाच नाही, म्हणून तो मीच स्वतःला विचारते. साडेअकराशे वर्षांपूर्वीच्या एका अरब तत्त्वज्ञाचं गणित मटणाला लागू पडतं का?

पडतं. मी करून बघितलंय.

आधी या तत्त्वज्ञाची ओळख करून देते, कारण सगळ्या प्रवासभर तो माझ्या मांडीला मांडी लावून बसला होता. त्याचं नाव अल्-किंदी. नवव्या शतकातला बगदादचा माणूस, अरबांचा तत्त्वज्ञ म्हणूनच ओळखला जातो. ग्रीकांचं ज्ञान अरबीत आणण्याच्या कामात तो पुढे होता. पण नुसत्या तत्त्वज्ञानावर समाधान मानणारा हा गडी नव्हे. गुप्त लिपी फोडायची असेल तर कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजा, हे त्याने लिहून ठेवलं. भरती-ओहोटी, प्रकाश, संगीत, तलवारीचं पोलाद, सगळ्यात त्याने नाक खुपसलं. नाक हा शब्द लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

माझी-त्याची भेट औषधशास्त्राच्या इतिहासाच्या पुस्तकात झाली. कोल्हापुरात माझं औषधांचं दुकान आहे, आणि शिकत असताना त्या पुस्तकातलं त्याच्यावरचं अर्धं पान मला बाकीच्या साडेतीनशे पानांपेक्षा आवडलं. त्याने औषधाचा उष्णपणा चक्क गणितात बसवला होता. औषधात उष्ण आणि थंड द्रव्यं समसमान असली तर औषध सम. उष्ण दुप्पट झालं की पहिली पायरी. चौपट झालं की दुसरी, आठपट झालं की तिसरी, सोळापट झालं की चौथी. म्हणजे एकच पायरी चढायची तरी दर वेळी प्रमाण दुप्पट करायचं. चौथीच्या वर पायरी नाही. माझ्या मते तिथून माणूस थेट वरच जातो.

तर माझी धाकटी बहीण मंजू मस्कतला राहते, तिच्याकडे मी निघाले. तिने एकच गोष्ट मागितली होती, आपला कांदा-लसूण मसाला. मी या वर्षीचा ताजा, कांडपाच्या डंकावर कुटून आणलेला मसाला मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत भरला. झाकणावर प्लास्टिक बांधलं, वरून दोरी आवळली. आयुष्यभर बाटल्यांवर लेबलं वाचण्यात आणि लावण्यात डोळे घालवलेली मी, त्या बरणीला लेबल मात्र लावलं नाही. घरच्या मसाल्याला कसलं आलंय लेबल?

अल् घुब्रा

मंजूचं घर अल् घुब्रा भागात, एका पांढऱ्या इमारतीत आहे. मस्कतमधल्या सगळ्याच इमारती पांढऱ्या, आणि मागे तपकिरी, एक झुडूपही अंगावर न ठेवलेले डोंगर. आपले सह्याद्रीचे डोंगर नेसून-सवरून उभे असतात. हे डोंगर आंघोळीहून थेट बाहेर आल्यासारखे दिसतात.

पहिल्याच संध्याकाळी दूध संपलं. दुकान समोर, रस्त्याच्या पलीकडे. माझे मेहुणे श्रीकांतराव मूळचे चिपळूणचे, अल् खुवैरला एका कंपनीत हिशेबनीस आहेत. ते गाडीची किल्ली शोधायला लागले.

"रस्ता ओलांडायला गाडी?" मी विचारलं.

"ताई, इथे पायी चालणाऱ्याला लोक थांबून विचारतात, गाडी बिघडली का?"

मी बाणेदारपणे पायी निघाले. दूध मिळालं, घर मिळेना. पांढऱ्या इमारती, पांढऱ्या भिंती, पांढरे दिवे. मंजूच्या इमारतीचा नंबर दहा. शेवटी एका फाटकावर मला चक्क मराठीत 'दहा' लिहिलेलं दिसलं, एकावर शून्य. परदेशात केवढं हे अगत्य, असं म्हणत मी आत शिरले.

आता अल्-किंदीची गंमत बघा. आपले भारतीय अंक कसे वापरावेत यावर त्याने चार भागांचा ग्रंथ लिहिला होता. ते अंक अरब लोक आजही हिंदी अंकच म्हणतात. पण प्रवासात अंकांचे चेहरे बदलले. अरबी नऊ आपल्या एकासारखा दिसतो, आणि अरबी पाच थेट आपल्या शून्यासारखा. तो दहा नव्हता. ते घर पंच्याण्णव नंबरचं होतं.

आतल्या आजीबाईंनी दारात दुधाची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या परक्या बाईला कोण, कुठली, काहीएक विचारलं नाही. हाताला धरून बसवलं, खजूर पुढे केले, केशर घातलेला चिकट हलवा पुढे केला, आणि कान नसलेल्या चिमुकल्या कपात वेलदोड्याचा कहावा, म्हणजे बिनदुधाची कॉफी, ओतला. आपल्याकडे कपात काही ठेवणं वाईट दिसतं, म्हणून मी तो संपवला. त्यांनी पुन्हा भरला. मी पुन्हा संपवला. त्यांनी पुन्हा भरला. आम्ही दोघीही आपापले संस्कार पाळत होतो आणि त्यात माझी छाती धडधडायला लागली होती. अखेर आजीबाई खुदकन हसल्या, माझं मनगट धरलं आणि रिकामा कप डावी-उजवीकडे हलवून दाखवला. हलवला की बस. नुसता पुढे केला की आणखी.

आजीबाईंनी फोनवर पत्ता सांगितला, तेव्हा श्रीकांतराव मला न्यायला गाडी घेऊन आले. आमचं घर पुढच्याच वळणावर होतं.

मत्रा सूक

मंजूच्या समोरच्या फ्लॅटमध्ये युसुफभाई आणि त्यांची बायको जैनबभाभी राहतात. युसुफभाई दापोलीकडचे. मत्रा नावाच्या जुन्या बंदराच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, अत्तर आणि लोबानाचं दुकान गेली तीस वर्षं चालवतात. मी अल्-किंदीचं नाव काढल्यावर मंजू म्हणाली, "तू यांच्या दुकानात जा. तुमचं दोघांचं जमेल. दोघंही थांबत नाही बोलायचे."

त्या बाजारात शिरलं की आधी धूर भेटतो, मग दुकानं. दारोदारी लोबान जळत असतं. युसुफभाईंचं दुकान म्हणजे बाटल्यांच्या तीन भिंती आणि मध्ये युसुफभाई.

"ताई, माझ्या नाकाचा विमा उतरवायला पायजे," ते म्हणाले. "ह्या बाटलीत काय हाय सांगा."

"गुलाब?"

"गुलाब हारवाल्याकडे असतो. ह्यात गुलाब हाय, अगरूच्या लाकडाचा ऊद हाय, लोबान हाय, आणि मी हाय."

मी म्हटलं, अत्तरं कशी गाळावीत यावर अल्-किंदीने अख्खा ग्रंथ लिहिलाय.

"कोण तो? मना धंदा शिकवतो काय?"

"साडेअकराशे वर्षांपूर्वीचा आहे हो."

"असं काय." ते जरा सावरून बसले. "मग सीनियर झाला."

आमचं असं छान चाललेलं असताना दुकानात दोघं आले. एक उंच ओमानी गृहस्थ, पांढरा स्वच्छ डगला, डोक्यावर नक्षीची टोपी. दुसऱ्याच्या हातात मोजायची टेप. तो काही न बोलता भिंती मोजायला लागला. युसुफभाई उभे राहिले आणि त्यांच्यातली सगळी हवा गेली.

ओमानी डगल्याच्या गळ्याशी एक छोटा गोंडा लोंबत असतो. तो अत्तरात बुडवायचा, म्हणजे मान वळवली की सुवास नाकाशी येतो. केवढी रसिक तरतूद! आपल्याकडे गळ्याशी टाय लोंबतो, त्याचा उपयोग काय? युसुफभाईंनी अत्तराची काडी त्या गोंड्याला लावली. गृहस्थांनी गोंडा नाकाशी नेला, तोंड वाकडं केलं, अरबीत दोन वाक्यं बोलले. ते नाक चिमटीत धरल्यासारखं बोलत होते. मला वाटलं अरबी भाषाच तशी असेल. मग दोघं निघून गेले.

"हा माझा अर्बाब," युसुफभाई म्हणाले. अर्बाब म्हणजे मालक. "दुकान त्याचं, परवाना त्याचा. नाक तेवढं माझं. तो म्हणाला, अत्तरात पाणी घालतोस. दोन वर्सं हेच बोलतो. आता इथे मोबाइलची कव्हरं लावायची म्हणतो."

"आणि तुम्ही?"

"मी कव्हरांचा वास घेत बसू? दापोलीला जाईन. पण तिथे काय तोंड दाखवू? तीस वर्सं अत्तर विकलं आणि पाणी घालतो म्हणून हाकलला?" दुकानाचं त्यांना एवढं दुःख नव्हतं. पाण्याचं होतं.

शुक्रवारी त्यांनी अर्बाबला जेवायला बोलावलं होतं, तिथे शेवटचं बोलायचं.

"येणार आहेत ना?"

"इन्शाल्ला बोलला. म्हंजे येईल. नायतर नाय येणार."

मी हातातली बाटली खाली ठेवली. कोल्हापुरात हौशी नाटकांच्या तालमी घेताना अंगात संचारतं, तसं माझ्या अंगात संचारलं. "युसुफभाई, अर्बाबसमोर अल्-किंदीला उभा करायचा."

तालीम

गुरुवारी संध्याकाळी मंजूच्या हॉलमध्ये तालीम झाली. भाषण मी मराठीत रचलं, युसुफभाईंनी अरबीत बसवलं. मुद्दा साधा होता. अरबांच्या पहिल्या तत्त्वज्ञाला अत्तर गाळणं हे अंकगणिताच्या आणि प्रकाशाच्या तोडीचं शास्त्र वाटलं, त्या शास्त्राच्या जागी तुम्ही प्लास्टिक टांगणार?

"इथे थांबा. हात छातीशी. आता गोंड्याकडे बोट."

"अर्बाबच्या गोंड्याकडे बोट दाखवू? ताई, मना आजच दापोलीला धाडताव काय?"

"घाबरल्यासारखं बोलू नका."

"मग कसा बोलू? घाबरलेलाच हाय मी."

दारात उभ्या जैनबभाभी म्हणाल्या, "बोलून काय होनार हाय? मटन नीट झालं तर सगलं नीट होल." आणि मंजूकडे वळल्या. "माझा मसाला संपलाय गो. तुझ्याकडे हाय?"

"ताईने आणलाय ना, ही घ्या बरणी," मंजू म्हणाली. मी त्या वेळी युसुफभाईंचा उजवा हात कोपरातून वळवत होते. माझं लक्ष नव्हतं.

शुक्रवार

आता रत्नागिरीकडचा मसाला आणि कोल्हापूरचा मसाला यांत फरक काय, ते सांगायला हवं. जैनबभाभींच्या मसाल्यात धणे, बडीशेप, खसखस. तो माणसाला जवळ बसवून विचारपूस करतो. आमचा मसाला माणसाला आधी उभा करतो. भाभींनी आपल्या हिशेबाने, आपल्या डावाने, तो पातेल्यात घातला.

शुक्रवारी दुपारी त्या आमच्या दारात आल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाटलं वाईट बातमी आहे. वाईट बातमी त्यांच्या हातातल्या वाटीत होती. मी बोट बुडवून चाटलं. कोल्हापूरची असूनही मला दाराची चौकट धरावी लागली.

"चौथी पायरी," मी म्हटलं.

"पाहुना येतोय नमाज झाली की," भाभी म्हणाल्या. "तो एक मिरची खात नाय."

मंजू बरणीकडे बघत होती. "ताई, लेबल का नाही लावलंस?"

काही प्रश्नांना उत्तर देण्यापेक्षा कामाला लागणं बरं. मी पदर खोचून भाभींच्या स्वयंपाकघरात शिरले. अल्-किंदीचा नियम चढताना जसा चालतो तसाच उतरताना चालणार. एकेक पायरी खाली यायचं तर थंड द्रव्य दर वेळी दुप्पट. पातेल्यात नारळाच्या दुधाचा एक डबा होता. तो दोन केला की तिसरी पायरी. दोनाचे चार, दुसरी. चाराचे आठ, पहिली, म्हणजे पाहुण्याला झेपेल अशी.

"श्रीकांतराव! नारळाच्या दुधाचे सात डबे!"

ते गाडी घेऊन रस्त्यापलीकडे गेले आणि तीन डबे घेऊन आले. "तिथे तीनच होते. बाकीची दुकानं नमाजासाठी बंद झाली. दुपारनंतर उघडतील."

तीन डबे ओतले. तिखट एवढं पांढरं झाल्यावर भोळं दिसायला लागलं. पातेलं काठोकाठ भरलं, निम्मं दुसऱ्या पातेल्यात काढावं लागलं. आठ माणसांचं मटण पंचवीस जणांचं झालं, आणि तरीही आम्ही दुसऱ्या पायरीवर अडकलो होतो.

"दुसरी म्हंजे किती?" भाभींनी विचारलं.

"कोल्हापुरात बाळंतिणीला देतात."

"आणि मस्कतात?"

यावर अल्-किंदीने काही लिहिलेलं नाही. तेवढ्यात बेल वाजली.

अर्बाब गोंड्याला युसुफभाईंचंच अत्तर लावून आले होते. जुनी सवय, पाणी वाटलं तरी लावायचं. सगळे जमिनीवर बसलो. मध्ये मोठं ताट, तांदळाच्या भाकऱ्या, भात, बाजूला सोलकढी. युसुफभाईंनी धीर यावा म्हणून आधीच मोठा घास घेतला. मग ते भाषणासाठी उठले, हात छातीशी नेला, तोंड उघडलं, आणि आवाजच बाहेर पडेना. डोळे लाल, कान लाल. त्यांनी माझ्याकडे बघितलं. बुडणारा माणूस किनाऱ्याकडे बघतो तसं.

पडदा वर गेला आहे आणि नायकाचा आवाज बसला आहे. अशा वेळी दिग्दर्शकाने काय करायचं असतं? मी उठले. मला अरबी येत नाही, म्हणून मी सगळं हाताने सांगितलं. लांब दाढी, म्हणजे तत्त्वज्ञ. बोटं मोजली, म्हणजे अंक. झाकण लावलेलं भांडं, खाली जाळ, वर वाफ, थेंब थेंब, म्हणजे अत्तर. वाफ दाखवताना मी स्वतःभोवती एक गिरकी घेतली. मध्ये मध्ये "अल्-किंदी! अल्-किंदी!" असं म्हणत होते. शेवटी कानाला मोबाइल लावला, तोंड वाकडं केलं आणि तो खिडकीबाहेर फेकून दिला.

अर्बाबनी सगळं बघून भाकरी मोडली. मग स्वच्छ हिंदीत म्हणाले, "बहनजी, बैठ जाइए. सालन ठंडा हो रहा है."

मी बसले. कुठे बसले ते आठवत नाही. मंजू ताटात तोंड खुपसून हसत होती. युसुफभाई घोगऱ्या आवाजात पुटपुटले, "सांगायला इसरलो. तो मुंबईला शिकलाय."

"अल्-किंदी हम स्कूल में पढ़े हैं," अर्बाब म्हणाले, तेही नाकातून. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. हिंदीही नाकातून येत होती. म्हणजे ती अरबी भाषेची लकब नव्हती. पंचवीस वर्षं काउंटरवर उभी राहून मी चोंदलेली नाकं ओळखते, आणि इथे मी ती परकी भाषा समजून ऐकली! पण बोलायला वेळ नव्हता. त्यांनी पहिला घास घेतला.

ते चावायचे थांबले. कपाळावर घाम आला. मग डोळ्यांतून धार लागली. त्यांनी सोलकढीचा पेला एका दमात रिकामा केला. आम्ही सगळे त्या पेल्याकडे बघत होतो. हलवला की बस. हलवला की जेवण संपलं, बोलणं संपलं, दुकान संपलं.

पेला हलला नाही. पुढे आला.

भाभींनी भरला. त्यांनी दुसरा घास घेतला. नाकातून पाणी, खिशातून रुमाल, आणि मग दोन वर्षांची वाट एका दमात मोकळी व्हावी तसा आवाज करत त्यांनी नाक शिंकरलं. पुन्हा एकदा. मान वळवली, आणि मध्येच थबकले.

सावकाश त्यांनी गळ्याजवळचा गोंडा उचलला. नाकाशी धरला. डोळे मिटले.

"युसुफ," ते म्हणाले. आता आवाज नाकातून येत नव्हता. "इसमें ऊद है."

"हाय," युसुफभाई हिंदी, अरबी सगळं विसरून म्हणाले. "आणि गुलाब. आणि लोबान."

"और पानी?"

"एक थेंब नाय."

अर्बाबनी गोंडा पुन्हा एकदा हुंगला. मग ताटावरून हात लांब करून त्यांनी युसुफभाईंच्या खांद्यावर ठेवला आणि अरबीत काहीतरी हळू बोलले. मी अर्थ विचारला नाही. युसुफभाईंनी तोंड फिरवून डोळे पुसले, आणि तिखटाच्या नावावर ते खपून गेलं.

जेवण झाल्यावर कहावा आला. तेव्हा अर्बाबनी कप हलवला आणि म्हणाले, "मोबाइल-वोबाइल खलास." जाताना मटणाचा डबाही मागून घेतला. पंचवीस जणांचं असल्यामुळे अडचण नव्हती.

मी मात्र मनात हिशेब करत होते. दुकानात आणखी चार डबे असते, तर मटण पहिल्या पायरीवर उतरलं असतं. अर्बाब पोटभर जेवले असते, भाषणाचं कौतुक केलं असतं, आणि चोंदलेलं नाक घेऊन घरी जाऊन कव्हरवाल्याला होकार दिला असता.

परत

निघायच्या दिवशी युसुफभाई विमानतळावर आले. बरणीतला उरलेला मसाला त्यांनी दुकानात नेऊन ठेवला होता. नवीन अत्तर दाखवायचं असेल तेव्हा आधी अर्बाबला चिमूटभर. त्यांनी माझ्या हातात एक छोटी बाटली ठेवली.

"लेबल नाही?" मी विचारलं.

"तुमच्या बरणीला व्हतं?"

घरी आल्यावर मोठ्या थाटात ती बाटली उघडली, नवऱ्याच्या मनगटावर एक थेंब लावला आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसले. ऋतू बदलला की त्याला सर्दी होतेच, ती झालेली होती. त्याने मनगट हुंगलं, पुन्हा हुंगलं.

"फसवलं वाटतं तुला," तो म्हणाला. "पाणीच आहे की."

मी उठले. आत गेले, मसाल्याचा मोठा डबा खाली काढला आणि तांबड्या रश्शाला आधण ठेवलं.